बाकी किती उरली?

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवायचे, एवढं संयोजकांनी मला सांगितलं आणि विषय माझ्यावर सोडला. निमंत्रणपत्रिकेवर ‘लेझरने उपग्रहाचं अंतर कसं मोजतात’ असं छापलं आहे. ते खोटं नाही, पण मी आज खरं तर वजाबाकीवर बोलणार आहे. त्या कामात लेझर सोडणं हा भाग सोपा. बाकीची सगळी रात्र वजाबाकीत जाते.

तत्त्व साधं आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. दुर्बिणीतून प्रकाशाचा एक झटका उपग्रहाकडे सोडायचा, तो परत यायला लागलेला वेळ मोजायचा, वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं. जायला-यायला एक नॅनोसेकंद जास्त लागला तर उपग्रह पंधरा सेंटिमीटर लांब आहे. आज चांगली केंद्रं काही मिलिमीटरपर्यंत अंतर सांगतात, तेव्हा वेळ किती बारीक मोजावा लागत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. झटक्याची लांबीही त्याच मापाची, काही पिकोसेकंदांपासून काही दशक पिकोसेकंदांपर्यंत. रंग बहुधा हिरवा.

उपग्रहावर यासाठी काहीच यंत्र लागत नाही. वीज नाही, संगणक नाही. एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचा काचेचा कोपरा पुरतो. खोलीच्या कोपऱ्यात जिथे दोन भिंती आणि फरशी मिळतात तिथे टोलवलेला चेंडू तिन्हींना आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेने परततो, तसा प्रकाश या कोपऱ्यातून फिरून आल्या वाटेने जातो. सायकलच्या मागच्या लाल तुकड्यातही असेच बारके कोपरे असतात. मात्र उपग्रहाच्या बाबतीत एक गंमत आहे. तो थांबलेला नसतो, सेकंदाला पाच-सात किलोमीटर वेगाने पळत असतो. त्यामुळे परतीचा झोत किंचित पुढे झुकतो आणि कोपरे अगदी बिनचूक केले तर तो दुर्बिणीला चुकवून बाजूला पडतो. म्हणून हे कोपरे मुद्दाम किंचित चुकीचे घासतात. लॅजिओस उपग्रहावरच्या कोपऱ्यांमध्ये काटकोन सव्वा विकलेने बिघडवलेला आहे. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. चूक इतक्या अचूकपणे करणाऱ्या कारागिरांबद्दल मला फार आदर वाटतो.

हे पहिल्यांदा जमलं ते ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी. तीन आठवड्यांपूर्वी सोडलेल्या बीकन एक्स्प्लोरर-बी या अमेरिकी उपग्रहावरून नासाच्या गोडार्ड केंद्रात हेन्री प्लॉटकिन यांच्या चमूने लेझरचा परतलेला प्रकाश पकडला. तेव्हा चूक मीटरांत होती. मग १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर शंभर कोपऱ्यांची पेटी ठेवली. चंद्र आपल्यापासून वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो हे आज शाळेत सांगतात, ते अशाच पेट्यांमुळे. आणि ४ मे १९७६ रोजी लॅजिओस गेला. साठ सेंटिमीटर व्यासाचा, चारशे किलोंच्या आसपास वजनाचा धातूचा गोळा, त्यावर ४२६ कोपरे, उंची सुमारे ५,९०० किलोमीटर. लहान आणि जड, म्हणून हवेचा किंवा उन्हाचा धक्का त्याला फारसा हलवत नाही. तो सुमारे ८० लाख वर्षं फिरत राहील असा अंदाज आहे. आत कार्ल सेगन यांनी तयार केलेली एक पट्टी आहे. तिच्यावर खंडांचे तीन नकाशे आहेत: फार पूर्वीचा, आजचा, आणि गोळा खाली येईल तेव्हाचा.

आता केंद्रातल्या रात्रीकडे येऊ. दिवसाही हे काम चालतं, अरुंद गाळण्या लावून सूर्यप्रकाश अडवतात, पण रात्रच समजायला सोपी. घुमटाखाली दुर्बीण, शेजारच्या खोलीत लेझर, आणि पडद्यासमोर एक निरीक्षक. ऑस्ट्रेलियातल्या माउंट स्ट्रॉम्लोसारख्या ठिकाणी यंत्रच बरंचसं सांभाळतं, तरी पुष्कळ केंद्रांत अजून माणूस जागतो. उपग्रह कुठून उगवणार याचं भाकीत रोज येतं. त्याप्रमाणे दुर्बीण वळते आणि झटके सुरू होतात. जुन्या यंत्रांत सेकंदाला दहा, ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या निरीक्षकांनी सेकंदाला दोन हजारांची पद्धत आणली. ग्राझच्या त्या एका झटक्यात साधारण एकावर पंधरा शून्यं इतके फोटॉन असतात. परत येताना हातात पडतो एखादा, आणि बहुतेक वेळा तोही नाही.

लॅजिओसपर्यंत जाऊन यायला डोक्यावर असताना चाळीस मिलिसेकंद लागतात, क्षितिजाकडे झुकला की आणखी जास्त. सेकंदाला दोन हजार झटके म्हणजे कुठल्याही क्षणी ऐंशी-शंभर झटके वाटेत असतात, काही जाणारे, काही येणारे. त्यात नवा झटका निघताना जवळच्या हवेतून जो उजेड विखुरतो तो नेमका परतणाऱ्याच्या वेळेला आला तर प्रकाश टिपणारा ग्राहक आंधळा होतो. म्हणून झटक्यांची वेळ क्षणाक्षणाला मागेपुढे करावी लागते.

पडद्यावर काय दिसतं? भाकितातलं अंतर वजा मोजलेलं अंतर. ही रात्रीतली पहिली वजाबाकी. ग्राहक एकेक फोटॉन टिपणारा असल्यामुळे ताऱ्यांचा, गावातल्या दिव्यांचा, आपल्याच उष्णतेचाही ठिपका उमटतो. पडदाभर ठिपकेच ठिपके. मग त्या गर्दीत एक तिरकी रेघ धरू लागते. गर्दीला शिस्त नसते, उपग्रहाला असते. रेघ तिरकी आहे याचा अर्थ उपग्रह भाकिताच्या थोडा पुढे किंवा मागे आहे. निरीक्षक वेळेत दुरुस्ती करतो आणि रेघ आडवी होते. तेवढ्यात ढगाचं पांघरूण सरकतं, रेघ तुटते. दुसरा उपग्रह वर आलेला असतो, तिकडे वळायचं, पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्याकडे. विमान जवळ आलं की रडार लेझर आपोआप बंद करतं, कारण वैमानिकाच्या डोळ्यांशी खेळ नको. लॅजिओसचे ठिपके दोन-दोन मिनिटांचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्याचा एक बिंदू बनवतात आणि तोच बाहेर पाठवतात. रात्रभराच्या कोट्यवधी झटक्यांतून पाठवण्याजोगे उरतात ते मोजके बिंदू.

पण त्याआधी वजाबाकी पुरी व्हायला हवी. ती कशाकशाची, हे सांगण्यासाठी आपण असं केंद्र इथेच, मराठवाड्यात, उभारलं अशी कल्पना करू. शहराच्या पूर्वेला चिकलठाणा विमानतळ, म्हणून दूर जाऊ. जून ते सप्टेंबर आकाश मिटलेलं, ते मान्य करू. हिवाळ्याच्या रात्री मात्र कुणालाही हेवा वाटावा अशा. पहिला प्रश्न दुर्बिणीचा खांब कशावर उभा करायचा? आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उभा केलेला खांब वर्षातून दोनदा हलेल आणि आपण समजू उपग्रह हलला. म्हणजे खाली कातळापर्यंत जायचं. दुर्बिणीचे दोन अक्ष जिथे छेदतात तो एक बिंदू, तोच आपला शून्य. शेजारी जीपीएसचा अँटेना असेल तर त्याच्यापासून या शून्यापर्यंतचं अंतरही मिलिमीटरमध्ये मोजून ठेवायचं, नाहीतर दोन यंत्रं दोन जागा सांगतील.

नंतर तारा. एक मीटर केबलमधून संकेताला सुमारे पाच नॅनोसेकंद लागतात, म्हणजे हिशेबात पाऊण मीटर उपग्रह लांब गेला. हा उशीर वजा करण्यासाठी आवारातच ठाऊक अंतरावर एक फळी किंवा आरसा ठेवतात, उपग्रहाच्या आधी-नंतर त्याच्यावर झटके मारतात, आणि जे जास्तीचं येतं ते यंत्राचं म्हणून काढून टाकतात. मग हवा. हवेत प्रकाश किंचित संथ होतो. समुद्रसपाटीला डोक्यावरच्या दिशेने ही चूक सुमारे २.४ मीटर. आपण पावणेसहाशे मीटर उंचीवर, हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणून सव्वादोन मीटर. क्षितिजापासून वीस अंशांवर जवळपास तिप्पट. आणि दाब मोजणारं यंत्र एक हेक्टोपास्कल चुकलं तर डोक्यावरही अडीच मिलिमीटरची फसगत. कोट्यवधींच्या लेझरशेजारचा वायुभारमापक वेळेवर तपासला नाही, तर सगळी मेहनत त्याच्यापाशी अडते. अशा संस्थांत उपकरण खरेदीला पैसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत, हे इथे बसलेल्या प्रयोगशाळा-साहाय्यकांना मी सांगायला नको.

घड्याळ. लॅजिओस सेकंदाला पावणेसहा किलोमीटर जातो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने पुढे असेल तर त्याची जागा पावणेसहा मिलिमीटर चुकली. शेवटी स्वतः गोळा: प्रकाश पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यांतून परततो, आपल्याला हवा असतो गोळ्याचा मध्य. त्यासाठी २५ सेंटिमीटर मिळवायचे. ही एकच बेरीज.

हे सगळं नवं नाही. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. त्यांची साखळी शंभर फुटी पोलादी होती. ती लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, पेट्यांत तापमापक ठेवायचे, कारण ऊन चढलं की साखळी वाढते आणि देश आखूड होतो. ती वाढ वजा करायची. या सर्वेक्षणातला मोठा दक्षिणोत्तर कंस बिदरकडून उत्तरेला वऱ्हाडात गेला, म्हणजे आजच्या पूर्व मराठवाड्यावरून. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं. म्हणजे ज्यांनी या देशाची जागा पक्की करायला आयुष्य घालवलं, त्यांची कबर दोनशे वर्षांत दहा मीटर हलली आहे.

मी याला वजाबाकी म्हणतो त्याचं कारण पुढे आहे. सगळं वजा केल्यावर शून्य उरलं तर काम संपलं. पण उरत नाही. जे उरतं ते कधी कधी मोजमापापेक्षा मोलाचं असतं. लॅम्बटननंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तो कंस उत्तरेला नेला. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंशात्मक अंतर जमिनीवरून एक आलं, ताऱ्यांवरून दुसरं. फरक ५.२४ विकला. कलकत्त्याचे पाद्री आणि गणिती जॉन प्रॅट यांनी म्हटलं, हिमालयाने ओळंबा आपल्याकडे ओढला. त्यांनी हिशेब केला तर हिमालयाच्या ओढीने फरक तिप्पट, जवळपास १६ विकला, पडायला हवा होता. तो का पडला नाही, या प्रश्नातून १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांची कल्पना आली: डोंगरांना खाली हलक्या खडकाची मुळं आहेत. पृथ्वीच्या पोटातलं हे ज्ञान खड्डा न खणता, ओळंब्याच्या उरलेल्या बाकीतून मिळालं.

लॅजिओसचंही तेच झालं. सगळी बलं हिशेबात घेऊनही त्याची कक्षा रोज सुमारे १.१ मिलिमीटर खाली येत होती. एवढ्या उंचीवर हवा जवळजवळ नाहीच. मग ओढतं कोण? डेव्हिड रुबिनकॅम यांनी १९८७ मध्ये मोठा वाटा समजावला. पृथ्वीची उष्णता गोळ्यावरच्या काचांना तापवते. काचेला तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून गोळा पुढे सरकल्यावर ती उष्णता वेगळ्या दिशेने बाहेर पडते आणि निसटत्या उष्णतेचा इवलासा ढकल बसतो. दिवसाला मिलिमीटर! मला या गोष्टीचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. हा ढकल, पृथ्वीच्या गुरुत्वाचे बारकावे, भरतीची ओढ, हे सगळं काढल्यावर इग्नात्सियो चुफोलिनी आणि एरिकोस पाव्हलिस यांनी २००४ मध्ये उरलेल्या बाकीत आइन्स्टाइनचं भाकीत दाखवलं: फिरणारी पृथ्वी आपल्याबरोबर अवकाशालाही किंचित ओढून नेते. मोजणीत चूक किती असेल या त्यांच्या अंदाजावर वाद झाले, ते अजून होतात. पण वाद बाकीच्या आकारावर आहे, पद्धतीवर नाही.

तुम्ही विचाराल, मराठवाड्याला याचं काय? पाण्याचं सांगतो. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस नावाच्या दोन उपग्रहांनी जमिनीखालच्या पाण्याचं वजन आकाशातून तोलायला सुरुवात केली. राजस्थान, पंजाब आणि हरियाणात २००२ ते २००८ या काळात भूजल सुमारे १०९ घन किलोमीटरने घटलं, हा गाजलेला निष्कर्ष त्यांचाच. पण पृथ्वीचं चपटेपण सांगणारा एक आकडा ग्रेसला नीट मोजता येत नाही. तो आकडा लॅजिओससारख्या गोळ्यांवर लेझर मारणाऱ्या केंद्रांकडून घेऊन त्या जागी बसवावा लागतो. टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हे सांगून पाणी मिळणार नाही, हे मला कळतं. पण जमिनीखालचं पाणी किती आटलं हे सांगणारा आकडा कुणाच्या तरी जागरणावर उभा आहे, हेही खरं.

समुद्राचंही तसंच. इस्रो आणि फ्रान्स यांचा सरल उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी गेला. तो रडारने समुद्राची उंची मोजायचा. समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो हे सांगायचं तर मोजणारा स्वतः किती उंचीवर आहे हे आधी कळायला हवं. त्यासाठी सरलवरही काचेचे कोपरे होते. आणि उंची कुठून मोजायची? पृथ्वीच्या मध्यापासून. तो मध्य, म्हणजे जगभरच्या नकाशांचा आणि जीपीएसचा आरंभबिंदू, लेझर मोजणीतूनच ठरतो. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीला तो इतका नीट सापडत नाही.

आपल्या देशाची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझी तक्रार आहे. १९७० च्या दशकात तमिळनाडूतल्या कवलूरला सोव्हिएत सहकार्याने इस्रोचं उपग्रह निरीक्षण केंद्र उभं राहिलं आणि तिथे लेझरही होता. ती परंपरा आपण वाढवली नाही. २०१३ पासून नाविक या आपल्या दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रह जाऊ लागले. त्यांच्यावर परावर्तक बसवलेले आहेत, आणि त्यांच्यावर लेझर मारून मोजणी देण्याचं काम वर्षानुवर्षं आंतरराष्ट्रीय लेझर मापन सेवेतल्या परदेशी केंद्रांनी केलं. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या सेवेत जगभरची चाळीसच्या आसपास केंद्रं आहेत, बरीचशी उत्तर गोलार्धात. अलीकडे माउंट अबू आणि केरळातलं पोनमुडी ही नावं भारताच्या नियोजित केंद्रांत आली. आनंद आहे. पण आरसे आपले आणि उजेड दुसऱ्यांचा, अशी एवढी वर्षं काढायला नको होती. उपग्रह सोडण्याचं थेट प्रक्षेपण होतं, त्याच्यामागे वीस वर्षं जागणाऱ्यांचं होत नाही, हे एक कारण असावं.

मराठवाड्याने या वजाबाकीत उतरायची वेळ मात्र आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून लेझर, आणि गुरुत्वीय लहरींनी भुजेच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून लहान. तो शोधायचा म्हणजे रस्त्यावरचा ट्रक, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटा, सगळ्यांची थरथर काढून टाकायची. जागा निवडताना शांत जमीन हा महत्त्वाचा निकष होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्याला शिकवलं की इथला कातळ कायमचा गप्प नाही. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली. म्हणून त्या भुजांशेजारी भूकंपमापक असणार आहेत, आणि त्यांच्या नोंदीही वजाबाकीत येणार आहेत.

चंद्राचाही उल्लेख करतो, कारण मुलांनी विचारायचं कबूल केलं आहे. चांद्रयान-३ च्या विक्रमवर नासाने दिलेला, तळहातात मावेल असा आठ कोपऱ्यांचा परावर्तक आहे. विक्रमची यंत्रं रात्रीच्या थंडीत निजली, तो मात्र चालू आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्याच्यावर लेझर मारला आणि उत्तर आलं. पृथ्वीवरून मारायला तो फार लहान आहे.

आता इथल्या विद्यापीठातल्या एमएस्सीच्या मुलांसाठी. कन्नडचा घाट उतरला की पाटणादेवी आहे. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. आज त्याहून स्वस्तात काम होतं. जगातल्या सगळ्या केंद्रांचे ते गठ्ठे केलेले बिंदू इंटरनेटवर फुकट मिळतात. लॅजिओसचा एका आठवड्याचा डेटा उतरवा. पृथ्वी गोल धरून कक्षा काढा. दिवसभरात किलोमीटरांनी चुकाल. चपटेपण घाला, चूक खाली येईल. चंद्र-सूर्य घाला, भरती घाला, उन्हाचा दाब घाला, केंद्रांच्या जागा सरकवा. प्रत्येक पायरीला बाकीचा आलेख काढा आणि भिंतीवर लावा. सेंटिमीटरांपर्यंत आलात की तिथे तुम्ही अडाल, आणि पुढे काय घालायचं हे पुस्तकात नसेल. ते अडलेलं घेऊन पुढच्या वर्षी याच मंचावर बोलायला या. संयोजकांशी मी बोलून ठेवलं आहे.